पन्नास हजार टाके

मोठ्या माणसाचा पूर्ण बाह्यांचा स्वेटर विणायचा तर किती टाके घालावे लागतात, याचा हिशोब सहसा कुणी मांडत नाही. मांडायला तो सोपा आहे. मध्यम जाडीच्या लोकरीत दहा सेंटिमीटर रुंदीत साधारण 22 टाके बसतात आणि तेवढ्याच उंचीत 28 ओळी. छातीचा घेर 100 सेंटिमीटर धरला तर पुढचा आणि मागचा भाग मिळून एका ओळीचे 220 टाके झाले. उंची 60 सेंटिमीटर, म्हणजे 168 ओळी. गुणाकार सदतीस हजारांच्या जवळ जातो. दोन बाह्यांचे आणखी सोळा हजार. मुंढ्यांशी आणि गळ्याशी टाके कमी होतात, ते वजा केले तरी पन्नास हजार उरतातच.

मिनिटाला वीस टाके हा सवयीच्या हाताचा बरा वेग. शेटलँड बेटांवरच्या हेझल टिंडल यांनी 2008 मध्ये जागतिक स्पर्धेत तीन मिनिटांत 262 टाके विणले होते. तो वेग आपल्याला नको. वीसच्या हिशोबानं पन्नास हजार टाक्यांना 2,500 मिनिटं लागतात, म्हणजे जवळपास बेचाळीस तास. रोज अर्धा तास सुया हातात घेतल्या तर 83 दिवस. 1 जानेवारीला पहिली ओळ घातली आणि एकही दिवस खाडा झाला नाही, तरी शेवटची ओळ 24 मार्चला बंद होते. मग भाग जोडायचे, दोऱ्यांची टोकं आत घ्यायची, धुऊन आकारात वाळवायचं. स्वेटर अंगात घालण्याजोगा होतो तेव्हा नागपूरकरांनी कूलर पुसून ठेवलेले असतात.

‘यंदा एक तरी स्वेटर पुरा करीन’ असं ठरतं आणि पाठीचा अर्धा भाग सुयांसकट पिशवीत राहून जातो. त्याचं खापर आळसावर फोडलं जातं. मला ते पटत नाही. काम किती मोठं आहे आणि ते कोणत्या ऋतूत संपायला हवं, हे ठरवताना विचारलंच गेलेलं नसतं. आणखी एक प्रश्न तर त्याहून अवघड आहे: तो रोजचा अर्धा तास घरातल्या कुणाच्या वेळातून निघणार? त्याच्याकडे शेवटी येऊ, कारण माझ्या मते नव्या वर्षाचे बहुतेक संकल्प तिथंच अडतात.

1 जानेवारीत काहीच बळ नाही असं मात्र नाही. हेंगचेन दाई, कॅथरीन मिल्कमन आणि जेसन रीस या संशोधकांचा एक अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘डाएट’ या शब्दाचा गूगलवरचा शोध, एका विद्यापीठाच्या व्यायामशाळेतली हजेरी आणि स्वतःशी ध्येयाचा करार करायची सोय देणाऱ्या संकेतस्थळावरचे करार, अशा तीन ठिकाणच्या नोंदी त्यांनी तपासल्या. आठवडा, महिना, वर्ष सुरू होताना तिन्ही आकडे वर चढतात, असं त्यांना दिसलं. दिनदर्शिकेवर एखादी खूण आली की आधीच्या चुका मागच्या खात्यात जमा करून माणूस कोऱ्या पानाकडे वळतो, असं त्यांनी त्याचं कारण दिलं.

पण अशी खूण एकच नाही, आणि मराठी घरात तर मुळीच नाही. गुढीपाडवा आहे. जूनमधली शाळेची सुरुवात आहे, जेव्हा वह्यांना कव्हरं घालता घालता सगळ्या घराचं वेळापत्रक बदलतं. दसरा आहे, नव्या कामाचा मुहूर्त. दिवाळीचा पाडवा आहे, ज्या दिवशी व्यापारी नव्या वह्यांची पूजा करतात. ज्याला जे काम, त्यानं त्याची खूण निवडावी. स्वेटरची खूण आषाढी एकादशी हीच. बाहेर पाऊस लागलेला असतो, संध्याकाळी बाहेर पडणं कमी झालेलं असतं, आणि तिथून 83 दिवस मोजले तर बहुतेक वर्षी आपण दसऱ्याच्या आसपास पोचतो. थंडीला अजून अवकाश असतो, जोडकामाला हाताशी वेळ उरतो.

आषाढी एकादशीचं नाव मी केवळ पावसासाठी घेतलं नाही. त्या दिवशी चातुर्मास लागतो आणि आपल्याकडच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या त्या दिवसापासून नेम धरत आल्या आहेत. कुणी कांदा-लसूण सोडायचं, कुणी दारात रोज ठरावीक रांगोळी काढायची, कुणी लाख वाती वळायच्या, कुणी रोज पोथीचा एक अध्याय वाचायचा. यातल्या धार्मिक भागाबद्दल ज्याचं त्यानं मत ठेवावं. मला कुतूहल आहे ते या नेमांच्या बांधणीचं. नेम कार्तिकी एकादशीपर्यंत असतो, जन्मभराचा नसतो. त्याची रोजची मात्रा ठरलेली असते. आळीतल्या चारजणींना तो ठाऊक असतो. आणि तो संपतो तेव्हा त्याचं उद्यापन होतं: चार माणसांना जेवायला बोलावतात, दान देतात, नेम सुटला असं उघडपणे जाहीर होतं. श्रावणातल्या कहाण्यांमध्येही वसा घेणारी बाई तो केव्हा घ्यायचा, रोज काय करायचं आणि पुरा झाला की काय करायचं, हे सगळं आधी विचारून घेते. 31 डिसेंबरच्या रात्री आपण जे ठरवतो त्यात नेमकी हीच माहिती नसते.

लाख वातींचं गणितही पाहण्यासारखं आहे. चातुर्मास साधारण 120 दिवसांचा धरला तर रोजच्या आठशेहून अधिक वाती होतात. वाती वळणाऱ्या बाईला हा आकडा पहिल्या दिवसापासून माहीत असतो, आणि म्हणूनच ती दुपारी गप्पा मारताना, कीर्तन ऐकताना, कुणाची वाट पाहताना हात चालू ठेवते. काम कोणत्या वेळेच्या फटीत बसेल, हे तिनं आधीच हेरून ठेवलेलं असतं.

याच गोष्टीची शिस्तशीर चाचणी पीटर गोल्विट्झर आणि वेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी जर्मनीत घेतली. ती 1997 मध्ये छापून आली. विद्यार्थ्यांना सांगितलं होतं की, नाताळची पूर्वसंध्या तुम्ही कशी घालवली ते त्यानंतर दोन दिवसांच्या आत लिहून पाठवा. अर्ध्यांकडून हे कधी आणि कुठे बसून लिहिणार तेही आधी लिहून घेतलं, बाकीच्यांना तसं विचारलं नाही. वेळ आणि जागा लिहून देणाऱ्यांपैकी 71 टक्क्यांनी मुदतीत काम केलं. दुसऱ्या गटात 32 टक्क्यांनी. इच्छा दोन्हीकडे होती. फरक पडला तो ‘जेवणानंतर, खिडकीजवळच्या टेबलाशी’ अशा साध्या शब्दांनी. म्हणून ‘भरतकाम शिकेन’ असं लिहू नये. ‘दुपारच्या चहानंतर गॅलरीत बसून साखळी टाका, गाठीचा टाका आणि काश्मिरी टाका, प्रत्येकी एका रुमालावर’ असं लिहावं. त्यात वेळ, जागा आणि काम संपल्याची खूण तिन्ही आली.

वेळेचा अंदाज मात्र आपण सगळेच कमी धरतो. रॉजर ब्युलर, डेल ग्रिफिन आणि मायकल रॉस यांनी कॅनडातल्या विद्यार्थ्यांना प्रबंध संपायला किती दिवस लागतील असं विचारलं होतं (त्यांचा लेख 1994 चा आहे). सरासरी उत्तर आलं 34 दिवस. सगळं वाईटात वाईट घडलं तर? 49 दिवस, असं ते म्हणाले. प्रत्यक्षात 55 हून अधिक लागले. वाईटात वाईट धरूनही अंदाज अपुरा पडला. कारण पुढच्या कामाचा विचार करताना आपण डोळ्यांसमोर काम आणतो, पण मधे येणारी लग्नं, पाहुणे, ताप, परीक्षा, लाइट जाणं यांना धरत नाही. मागचं काम आठवून हिशोब केला तर तो खऱ्याच्या जवळ जातो. मागच्या वेळी लहान मुलाचं जॅकेट किती दिवसांनी पुरं झालं? ते आठवा आणि त्यावरून पुढचं ठरवा. स्वेटरच्या 83 दिवसांना मी 120 धरीन. म्हणजे पुन्हा चातुर्मासच आला.

नेम एखाद्या दिवशी मोडला तर काय, हा प्रश्नही जुनाच. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या फिलिपा लॅली यांनी 96 जणांना एखादी साधी गोष्ट रोज ठरलेल्या वेळी करायला लावली आणि ती कधी अंगवळणी पडते ते मोजलं. 2010 मध्ये छापलेल्या या अभ्यासात मधला आकडा 66 दिवसांचा आला, पण माणसामाणसांत फरक प्रचंड: कुणाला 18 दिवस पुरतील, तर कुणाला 254 लागतील. ‘एकवीस दिवसांत सवय लागते’ असं जे ऐकवलं जातं त्याला या मोजणीचा आधार नाही. त्यातली माझ्या लेखी सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच आहे. एखादा दिवस चुकल्यानं सवय लागण्याच्या वाटेत म्हणण्यासारखा खंड पडला नाही. खरं नुकसान त्या चुकलेल्या दिवसानंतरच्या मनानं होतं: एक दिवस गेलाच आहे तर आता कशाला, असं म्हणून सुया पिशवीत जातात. सोळा सोमवार करणारीचा एखादा सोमवार अडचणीनं राहिला तर ती तो मोजत नाही आणि पुढे एक सोमवार वाढवते. व्रत मोडलं म्हणून बसत नाही.

आणि जे खरोखरच पुरं होणार नाही त्याचंही उद्यापन करावं. तीन वर्षं पिशवीत पडलेला पाठीचा भाग नव्या वर्षाच्या यादीत पुन्हा लिहिण्यात काही हशील नाही. तो उसवावा. उसवलेल्या लोकरीला टाक्यांची वळणं पडलेली असतात, त्यामुळे ती लगेच विणली तर वीण खडबडीत येते. तिची लड करायची, चार जागी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवायची आणि न पिळता सावलीत वाळत घालायची. वळणं बरीचशी निघतात आणि लोकर टोपीला, मोज्याला कामी येते. गोधडी तर मुळातच अशा उरल्यासुरल्यातून होते. जुन्या लुगड्यांचे, साड्यांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्यानं शिवत जायचं. त्यातही काम मोठं असतं म्हणून चौघीजणी चार बाजूंना बसतात. एकटीनं गोधडीचा संकल्प सोडण्यापेक्षा चौघींनी मिळून दोन गोधड्यांचा सोडावा.

वाचनाकडे वळताना एका सवयीबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. ‘यंदा पन्नास पुस्तकं’ असा आकडा लावायची पद्धत आता मराठी वाचकांतही रुजली आहे. गुडरीड्स या संकेतस्थळावर 2011 पासून वर्षभराच्या वाचनाचं आव्हान चालतं, तिथून ती पसरली. आकडा ठरवण्यात गैर काही नाही, पण पुस्तकांची संख्या हे चुकीचं माप आहे. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलननीतीबद्दल मांडलेला विचार इथं तंतोतंत लागू पडतो: मापालाच लक्ष्य केलं की ते माप म्हणून निकामी होतं. पन्नासचा आकडा गाठायचा असेल तर भालचंद्र नेमाडे यांची ‘हिंदू’ कोण हातात घेईल? तेवढ्या वेळात तीन-चार पातळ पुस्तकं उरकतात. आणि पातळ म्हणजे लवकर होणारं, हेही खरं नाही. इरावती कर्वे यांचं ‘युगान्त’ आकारानं लहानच आहे, पण त्यातला एकेक लेख वाचून झाल्यावर महाभारत पुन्हा उघडावंसं वाटतं. ते चार दिवसांत वाचून खूण करायची नसते.

त्यापेक्षा पानं मोजावीत, किंवा नुसता वेळ. मराठी कादंबरीची बारा ते पंधरा पानं रोजच्या अर्ध्या तासात निवांत वाचून होतात असं धरलं, तर वर्षाची चार ते साडेपाच हजार पानं होतात. अडीचशे पानांच्या पुस्तकांत मोजलं तर सतरापासून एकवीसपर्यंत. त्यात एखादा सहाशे पानांचा ग्रंथ आला तर आकडा घटेल, वाचन घटणार नाही.

मोठा ग्रंथ नेटानं पुरा करायची एक पद्धत आपल्याकडे शतकानुशतकं वापरात आहे, ती म्हणजे पारायण. ज्ञानेश्वरीच्या सुमारे नऊ हजार ओव्या सप्ताहात सात दिवसांत वाचून होतात. गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या प्रचलित पारायणात पहिल्या दिवशी नऊ अध्याय असतात आणि पाचव्या दिवशी तीनच, कारण अध्याय सारखे लांब नाहीत. ज्यांनी ही वाटणी केली त्यांनी आधी संपूर्ण ग्रंथ तोलून पाहिला होता. ललित पुस्तकालाही हे करता येतं. नवं जाड पुस्तक घरी आलं की अनुक्रमणिका पाहून त्याचे आठवड्यांचे भाग पाडावेत, जड प्रकरणाच्या आठवड्याला कमी पानं द्यावीत. आणि आठवड्यातून एकदा तरी मोठ्यानं वाचावं. पारायण ऐकायला कुणी ना कुणी बसलेलं असतं. कादंबरीलाही घरात ऐकणारा मिळाला तर ती अर्धवट राहत नाही, कारण पुढे काय झालं हे विचारणारं माणूस समोर असतं.

वाचनालाही ऋतू आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून दिवाळीनंतरचे महिने हे मराठी माणसाच्या वाचनाचे महिने झाले. अनेक वाचनालयं त्या काळात ठरावीक वर्गणी घेऊन अंक फिरते ठेवतात. अंक दोन-चार दिवसांत परत करायचा असतो, मागे पुढचा वाचक थांबलेला असतो, आणि एरवी पुस्तक उशाशी ठेवून झोपणारी माणसंही त्या मुदतीनं वाचून काढतात. ज्यांना जानेवारीतच काही सुरू करायचं आहे त्यांनी जवळच्या ग्रंथालयाची वर्गणी भरावी. विकत घेतलेलं पुस्तक वाट पाहू शकतं. ग्रंथालयाच्या पुस्तकाला तारीख असते.

स्वीडनमधल्या 1,066 लोकांच्या नववर्ष-संकल्पांचा मार्टिन ऑस्करसन आणि सहकाऱ्यांनी वर्षभर पाठपुरावा केला. तो अभ्यास 2020 मध्ये प्रसिद्ध झाला. काहीतरी सोडण्याचा संकल्प करणाऱ्यांपैकी 47 टक्के लोकांनी आपण यशस्वी झालो असं सांगितलं. काहीतरी नवं धरण्याचा संकल्प करणाऱ्यांत हे प्रमाण 59 टक्के होतं. ‘रात्री मोबाइल पाहणार नाही’ यापेक्षा ‘रात्री जेवणानंतर वीस पानं’ हे टिकण्याची शक्यता जास्त. मोबाइल त्यात आपोआप बाजूला पडतो.

घराचे संकल्प मात्र या सगळ्याहून वेगळे आहेत, आणि तिथं मला कळकळीनं सांगायचं आहे. विणकाम एकट्याचं असतं, वाचन एकट्याचं असू शकतं. घर एकट्याचं नसतं. ‘यंदा माळा साफ करू’, ‘रोज रात्री सगळे एकत्र जेवू’, ‘बाहेरचं खाणं कमी करू’ ही वाक्यं बोलतो एकजण आणि काम येतं दुसऱ्या कुणाच्या वाट्याला. बाहेरचं खाणं कमी करायचं म्हणजे घरात रोज कुणीतरी जास्त रांधायचं. ते कुणी, हे वाक्यात नसतं.

भारताच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयानं 2019 मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांना दिवसाचा हिशोब विचारला होता. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्या कामात दिवसाची सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या, आणि जे पुरुष असं काम करत होते ते 97 मिनिटं. त्यातही मुळात असं काम करणाऱ्या बायका शंभरातल्या 81 होत्या, पुरुष 26. हे आकडे समोर ठेवून स्वेटरच्या रोजच्या अर्ध्या तासाकडे पुन्हा पाहा. पाच तास घरकाम, त्याखेरीज नोकरी किंवा शेत, मुलांचं सगळं. ती तीस मिनिटं झोपेतून काढली जातात. त्या घरात विणकाम अर्धवट राहिलं तर त्यात विणणारीच्या जिद्दीची काहीही कमतरता नसते.

घराच्या कामांना पूर्वीपासून वर्षाची लय आहेच, आणि तिचा उपयोग करावा. एप्रिल-मेमध्ये कुरडया, पापड, सांडगे, वर्षाचं तिखट-मसाला. पावसाच्या तोंडाशी लोणचं. दसरा-दिवाळीच्या आधी माळे आणि फडताळं. वाळवणाच्या दिवसांत पूर्वी आळीतल्या बायका एकेकीच्या घरी पापड लाटायला जमत, त्यामुळे कुणा एकीवर भार येत नसे. आज चार माणसांच्या घरात तीच यादी एका बाईपुढे येते. अशा वेळी यादी निम्मी करणं हाही चांगला संकल्प आहे. सांडगे बचत गटाकडून घ्यावेत, माळा मुलांनी आणि वडिलांनी आवरावा, लोणचं मात्र घरी घालावं कारण त्याची चव सगळ्यांना घरचीच हवी असते. काय घरी करायचं आणि काय नाही, हे सगळ्यांनी एकत्र बसून ठरवायचं, आणि प्रत्येक कामापुढे नाव लिहायचं. नाव लिहायला कुणी पुढे येत नसेल तर ते काम यादीतून काढून टाकायचं.

आणि ज्या घरात आईला, बायकोला, सुनेला विणायचं आहे, वाचायचं आहे, तिथं पहिला संकल्प तिनं लिहू नये. तो नवऱ्यानं आणि मुलांनी लिहावा, दिवस आणि वेळेसकट: सोमवार ते शुक्रवार, रात्रीच्या जेवणानंतर ओटा आणि भांडी आम्ही आवरू, डबे आम्ही काढून ठेवू, साडेनऊ ते दहा तिला कुणी हाक मारणार नाही. आषाढी ते कार्तिकी, पहिल्यांदा एवढंच. मग तिनं किती टाके घालायचे ते तिनं ठरवावं.